वय वेळेवर यावं

दिवाळी आटोपली की अंकुशनगरची वस्ती बघता बघता वाढते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं तसा या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसामागून कारखाना, कॉलनी, शाळा, दुकानं आली. गव्हाणीत पहिली मोळी पडली की रस्त्यावर टायरगाड्यांची रांग लागते, हवेत मळीचा वास भरतो आणि मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, इथे दोन गावं शेजारी शेजारी नांदतात. एक पक्क्या घरांचं, दुसरं पाचटाच्या कोप्यांचं. ही गोष्ट त्या दोन गावांतल्या दोन बायकांची.

सुनंदा पक्क्या घरातली. नवरा कारखान्याच्या शेतकी विभागात कारकून, मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी लग्न होऊन परभणीला. वय अठ्ठेचाळीस. लग्न होऊन या कॉलनीत आली तेव्हा नळावरच्या बायका पाणी भरायचं थांबवून तिच्याकडे बघत राहायच्या. नाकीडोळी नीटस, रंग उजळ, केस कमरेच्या खाली. ‘कारकुनाची बायको’ असं तिला कोणी म्हणत नसे. तिच्या नवऱ्यालाच ‘सुनंदाचा नवरा’ म्हणत. हे कौतुक तिला आवडायचं, आणि कुणाला आवडणार नाही?

2023 च्या तुळशीच्या लग्नानंतर तिच्या पुतणीचं लग्न झालं. आठ दिवसांनी फोटो मोबाइलवर आले. सगळ्या बायका एका ओळीत उभ्या होत्या. सुनंदा बोटानं फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत होती: ही मोठी जाऊ, ही नणंद, ही मामेसासू. स्वतःचा चेहरा मात्र सापडेना. ओळ संपली तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली आणि एका मोरपंखी पैठणीवर तिचं बोट थांबलं. पैठणी तिचीच होती. वरचा चेहरा मघाशी ती कुणाचा तरी म्हणून पुढे ढकलून गेली होती.

त्या दिवशी ती आरशापुढे बराच वेळ बसली. गालाचं मांस खाली उतरून हनुवटीपाशी आलं होतं. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन रेषा खोल गेल्या होत्या. डोळ्यांखाली वांगाचे तपकिरी डाग. भांग इतका रुंद झाला होता की कुंकू भरताना खालची कातडी दिसत होती. दोन वर्षांत ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंची शिलाई दोनदा उसवून झाली होती आणि आता उसवायला कापडच उरलं नव्हतं. रात्री मधूनच छातीतून आग उठायची, मान आणि पाठ घामानं चिंब व्हायची. पौष-माघाच्या थंडीतही ती उठून ओट्यावर जाऊन बसायची. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय आणि कुणाला?

लग्नात नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, “सुनंदा, किती उतरलीस गं!” त्याच मांडवात त्याच नणंदेनं सुनंदाच्या नवऱ्याला म्हटलं होतं, “दादा, पांढऱ्या केसांनी कसे भारदस्त दिसायलेत!” तो त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्याचे निम्मे केस गेलेले. वय दोघांवरही आलं होतं. एकाला त्याचा मान मिळाला, दुसरीला तिचा दोष लागला.

सुनंदानं लग्नकार्याला जाणं कमी केलं. फोटोची वेळ आली की ती स्वयंपाकघरात शिरू लागली. मग बाजारात एका बाईनं तिला एक डबी दिली. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. “पंधरा दिवसांत फरक बघा.” फरक खरंच पडला. आठ दिवसांत डाग फिके झाले, चेहरा तुकतुकीत दिसू लागला. महिनाभरानं गाल लाल झाले, उन्हात गेलं की चटका बसल्यासारखी आग व्हायला लागली, कानापाशी बारीक लव वाढली. डबी बंद केली की जळजळ वाढायची, लावली की थांबायची. तेव्हापासून ती घराबाहेर पडताना तोंडाला रुमाल बांधू लागली. भिशीचे पैसे लागले होते, ते तिनं जालन्याला चेहऱ्यावर मोठा उपचार करून घ्यायचा म्हणून गुपचूप बाजूला काढून ठेवले.

जानेवारीत कोप्यांवर आरोग्य शिबिर लागलं. उपकेंद्राच्या सिस्टर कॉलनीतच राहायच्या. निवृत्तीला आलेल्या, आवाज मोठा, पण माणूस मायाळू. त्या दारात येऊन म्हणाल्या, “सुनंदा, तुझं अक्षर चांगलंय. चल, नावं लिहायला माणूस नाही.” नाही म्हणायला सवड मिळाली नाही.

रानातच एक पत्रा आणि चादर बांधून सावली केली होती. सुनंदा रुमाल बांधून टेबलाशी बसली. फडावरून थेट आलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. हातावर उसाच्या पात्यानं कापलेल्या बारीक रेघा, अंगावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं. सुनंदा नाव विचारायची आणि वयाचा रकाना बघूनच भरायची, म्हणजे वेळ वाचेल.

एक बाई पुढे आली. डोळे खोल गेलेले, ओठांभोवती सुरकुत्यांचं जाळं, पुढचे दोन दात नाहीत, कानशिलावरचे केस पांढरे. चालताना एक हात कमरेवर.

“नाव काय मावशी?”

“इंदू.”

सुनंदानं वयाच्या रकान्यात ‘55’ लिहिलं आणि आधार कार्डासाठी हात पुढे केला. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. नंबर उतरवून घेताना तिची नजर जन्मसालावर गेली. 1988. तिनं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मागे वळवून पाहिलं. पुन्हा पुढे वळवलं.

“हे तुमचंच आहे ना?”

“माझंच हाय, बाई. कामून?”

“यावर 1988 लिहिलंय. म्हणजे तुम्ही पस्तीस वर्षांच्या.”

“आसंन. वडवणीकडच्या शाळंत चौथीपर्यंत होते, तिथलीच तारीख हाय ती.” मग इंदू जराशी हसली. “समदेच मावशी म्हणत्यात. बस कंडक्टर तर आज्जी म्हणला परवा.”

सुनंदानं ‘55’ खोडून ‘35’ लिहिलं. समोरची बाई आपल्याहून तेरा वर्षांनी लहान आहे, हे तिच्या मनात काही केल्या उतरेना. पुढचा रकाना पाळीचा होता. तिनं हळू आवाजात विचारलं.

“पाळी कुठली आता? पिशवी काढली. धाकटं पोरगं दोन वर्साचं होतं तव्हा.”

“इतक्या लवकर? का?”

इंदूनं जे सांगितलं ते सगळं एका दमात सांगितलं, कारण मागे रांग होती. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. फडात ना आडोसा, ना पाणी. लघवीला जायचं म्हणजे लांब जायचं, म्हणून ती पाणीच कमी प्यायची. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. एक दिवस बसलं की खाडा, खाड्याचे पाचशे रुपये कापले जायचे. गावाकडच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, पिशवी सडली, काढली नाही तर कॅन्सर होईल. टोळीच्या मुकादमानं पस्तीस हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली.

“ते फेडायला दोन हंगाम गेले, बाई. कोयत्यात खाडा पडू नाही म्हणून पिशवी काढली, आन् त्याच कोयत्यानं पिशवीचे पैसे फेडले.”

“आणि आता दुखायचं थांबलं?”

“पोट थांबलं. कंबर लागली. हाडं कुरकुर करत्यात. रातच्याला आंगातून वाफ निघती, घाम सुटतो. थंडीत गोधडी फेकून देते, मालक म्हणत्यात खुळी झाली.”

सुनंदाचं पेन थांबलं. छातीतून उठणारी ती आग, तो घाम, थंडीत ओट्यावर येऊन बसणं: हे सगळं तिला आतून ठाऊक होतं. तिच्याकडे ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलं होतं. या बाईकडे ते पस्तिशीच्या आतच येऊन बसलं होतं.

रात्री सिस्टर ओट्यावर आल्या. सुनंदानं रुमाल सोडला. लाल झालेले गाल बघून सिस्टरनी डबी मागितली, वास घेतला आणि बाजूला ठेवली.

“यात स्टेरॉइड असणार. डाग जातात, पण कातडी कागदासारखी पातळ होते. आणि अशा बिननावाच्या डब्यांत कधी कधी पारा असतो. अकोल्यात एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडली, गेल्याच वर्षी पेपरात आलं होतं. उद्यापासून बंद. आणि चांगल्या त्वचेच्या डॉक्टरला दाखव, एकदम सोडल्यावर त्रास होतो, त्यावर ते औषध देतील.”

“सिस्टर, मला पूर्वीसारखं दिसायचं होतं.”

“दिसावंसं वाटणं वाईट नाही गं. नटावं, छान राहावं. पण आपल्या अंगात काय चाललंय ते तरी माहीत पाहिजे.”

मग सिस्टरनी तिला समजावून सांगितलं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते. जाण्याआधी दोन-चार वर्षं शरीराची तयारी चालते. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी होत जातं. कातडीला ताठ धरणारं कोलॅजेन त्याच्या जिवावर असतं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत ते जवळपास 30 टक्क्यांनी घटतं, म्हणून गाल उतरतात, रेषा दिसतात. मांड्या-कमरेवरची चरबी पोटावर सरकते, म्हणून ब्लाऊज आणि परकराची नाडी आवळते. केस विरळ होतात. घाम, झोपमोड, चिडचिड हे सगळं त्याच एका बदलाचं. हाडंही याच काळात ठिसूळ व्हायला लागतात, ती मात्र आरशात दिसत नाहीत.

“म्हणजे हा आजार नाही?”

“आजार कसला? पाळी सुरू झाली तेव्हा तुझ्या आईनं तुला पाटावर बसवून ओवाळलं असेल. तसंच हे दुसरं वळण. फक्त या वेळी ओवाळायला कोणी येत नाही. रोज तासभर चाल, वजन उचलायचा थोडा व्यायाम कर, तीळ, नाचणी, दूध, डाळ पोटात जाऊ दे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. आणि एक लक्षात ठेव, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.”

सुनंदा थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आणि ती इंदू?”

सिस्टरचा मोठा आवाज खाली आला.

“तिच्या पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, ते तिला माहीत नाही. कागद तिच्याकडे नाहीत. काढली असतील, तर तुझ्या अंगात जे काही वर्षांत हळूहळू होतंय ते तिच्या अंगात एका दिवसात झालं. ठेवली असतील, तरी पिशवी काढलेल्या बाईचा हा काळ बऱ्याचदा लवकर येतो. त्यात पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, चुलीचा धूर, दिवसभर ऊन, अंगात रक्त नाही, रात्री गाडी भरायची असली तर झोपही नाही. चेहरा कसा टिकेल? आणि ही एकटी नाही. 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा अहवाल आला. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली होती. त्यात 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभरात पन्नाशीच्या आतल्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांवर बंधन आलं, आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. पण बंधन आलं म्हणून बाईच्या मनातली भीती गेली का? खाड्याची भीती गेली का?”

दुसऱ्या दिवशी सुनंदा पाण्याचा हंडा घेऊन कोप्यांकडे गेली. रुमाल बांधलेला नव्हता. इंदूच्या कोपीत तिची धाकटी जाऊ पोटाला हात लावून बसली होती. वय तेवीस, पदरी दोन लेकरं. तिलाही पांढरं जात होतं, ओटीपोटात कळ यायची. तिनंही ठरवून टाकलं होतं: पट्टा पडला की पिशवी काढायची, म्हणजे पुढच्या हंगामात कटकट नको. टोळीतल्या दोघी-तिघींनी तसंच केलं होतं. उचलही ठरली होती.

सुनंदानं इंदूकडे पाहिलं. “तुम्ही तिला काही सांगत नाही?”

“म्या काय सांगू, बाई? सांगितलं तर म्हणती, मंग खाडा तुम्ही भरा.”

सुनंदा घरी आली आणि नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, “टोळीचं टोळीवाले बघतील. आपण कशाला मध्ये पडायचं?” हे वाक्य तिनं संसारात अनेकदा ऐकलं होतं आणि दरवेळी खाली मान घातली होती. या वेळी ती म्हणाली, “मध्ये पडत नाही. अंबडला चालले आहे, माझाच चेहरा दाखवायला. येताना-जाताना इंदूच्या जावेला सोबत नेते.” भिशीचे पैसे तिनं कपाटातून काढले. मुकादमाला खाड्याचे पाचशे आधीच मोजून दिले. मुकादम कुरकुरला, पण पैसे हातात आल्यावर त्याला बोलायला जागा राहिली नाही.

सकाळच्या एसटीनं तिघी निघाल्या: सुनंदा, इंदू आणि तिची जाऊ. अंबडच्या सरकारी दवाखान्यात जावेची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाईंनी पडदा बाजूला करून सांगितलं, “पिशवीला काही झालेलं नाही. जंतुसंसर्ग आहे. चौदा दिवसांचं औषध आहे, नवऱ्यानंही घ्यायचं. रक्त कमी आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत. पाणी भरपूर प्यायचं.”

“पिशवी काढायची नाई?” जावेनं तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी डॉक्टर बाईंनी तेच उत्तर दिलं, न चिडता.

इंदूची हाडं तपासायला जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. सुनंदाच्या गालांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी साधं मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं आणि बजावलं की लाली जायला काही महिने लागतील, रेषा मात्र राहतील. सुनंदा म्हणाली, “राहू द्या.”

परतीच्या एसटीत जाऊ खांद्यावर मान टाकून झोपली. इंदू आणि सुनंदा शेजारी बसल्या होत्या. इंदूनं तिच्या चेहऱ्याकडे मोकळेपणानं पाहिलं आणि विचारलं, “बाई, खरं सांगा, तुमचं वय किती?”

“अठ्ठेचाळीस. माझे गाल बघा कसे उतरले. मला वाटायचं, माझ्यावरच हे आलं.”

इंदू थोडं थांबून म्हणाली, “तुमचं वय तुमच्याकडं चालत आलं, बाई. चांगलं दमादमानं. पोरांची लग्नं बघून, घर बांधून आलं. माझं वय मला केस धरून वढत घिऊन गेलं. म्हातारपणाला म्या भीत नाही. पर मधली वर्सं कुठं गेली, त्ये कोन सांगंल?”

सुनंदाला उत्तर देता आलं नाही. ज्या सुरकुत्यांसाठी ती दोन महिने तोंड लपवत होती, त्या सुरकुत्या तिला अठ्ठेचाळीस वर्षं धड जगायला मिळाल्याची खूण होत्या. तिला तिची तिशी मिळाली होती. चाळिशी मिळाली होती. नळावरचं ते कौतुकही मिळालं होतं. शेजारी बसलेल्या बाईला यातलं काही मिळालं नव्हतं, आणि ते कुणी दैवानं हिरावलं नव्हतं. पाणी नसलेल्या फडानं, खाड्याच्या वहीनं आणि एका घाईच्या सल्ल्यानं ते नेलं होतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कॉलनीत हळदीकुंकवाची वर्दळ असते. त्या वर्षी सुनंदाच्या बचत गटानं एक बदल केला. रथसप्तमीच्या संध्याकाळी, गाड्या रिकाम्या होण्याच्या वेळेला, कोप्यांवरच्या बायकांना बोलावणं धाडलं. काही जणींनी आधी नाकं मुरडली. “त्यांना कशाला? त्या येतील तरी का?” सुनंदा म्हणाली, “बोलावल्याशिवाय कसं कळणार?” वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणले नाहीत. प्रत्येकीला झाकणाची पाण्याची मोठी बाटली, मऊ सुती कापडाचे दोन जोड आणि शेंगदाणे-तीळ-गुळाच्या लाडवांची पुडी. त्याबरोबर सिस्टरचं पंधरा मिनिटांचं बोलणं: पाणी का प्यायचं, कापड धुऊन उन्हातच का वाळवायचं, पांढरं गेलं की आधी कुठं जायचं, आणि कुणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो का म्हणायचं नाही.

कोप्यांवरच्या बायका आल्या, संकोचत, दाराशी चपला नीट रांगेत काढून. सुनंदानं इंदूला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मग म्हणाली, “इंदू, तू माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आजपासून मावशी नाही, धाकटी बहीण.” बायका हसल्या. कुणीतरी मोबाइल काढला आणि “या सगळ्या जवळ” म्हणाली. सुनंदा स्वयंपाकघराकडे गेली नाही. ती इंदूशेजारी उभी राहिली, लाल गाल, वांगाचे डाग, रुंद भांग, सगळं घेऊन.

पट्टा पडला तेव्हा टोळी गावी परतली. जाऊ औषधानं बरी झाली होती आणि तिची उचल ऑपरेशनच्या खात्यावर पडली नव्हती. गटानं शेतकी विभागाकडे आणि ग्रामपंचायतीकडे एक अर्ज दिला, की पुढच्या हंगामात कोप्यांजवळ पाण्याची टाकी आणि बायकांसाठी दोन तरी आडोसे असावेत. अर्ज लिहिला सुनंदानं. अक्षर तिचंच चांगलं होतं. नवऱ्यानं तो पोचवला, या वेळी ‘आपण कशाला’ न म्हणता.

तात्पर्य असं. चाळिशी-पन्नाशीत बाईचा चेहरा बदलतो, अंग बदलतं, केस बदलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर बाजारातल्या डबीत इलाजही नाही. वेळेवर आलेलं वय हे जगायला मिळालेल्या वर्षांचं फळ आहे. ते मानानं घ्यावं, त्याची निगा राखावी, त्याबद्दल घरात मोकळं बोलावं. पुरुषाच्या पांढऱ्या केसांना जो मान मिळतो तो बाईच्या पांढऱ्या केसांनाही द्यावा. आणि जिच्यावर वय अवेळी कोसळलं आहे अशी बाई समोर आली, तर ‘म्हातारी दिसते’ म्हणून नजर फिरवू नये. तिला पाणी मिळतं का, विसावा मिळतो का, आजारपणात एक दिवस बसता येतं का, हे विचारावं आणि जमेल तेवढं तिच्या बाजूनं उभं राहावं. रूप कुणाचंच कायम राहत नाही. पण प्रत्येक बाईचं वय तिच्याकडे वेळेवर यावं, एवढं बघणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.